तारखेचा टाइमस्टॅम्प करताना मिलिसेकंद कुठे गळतात?

खाडीकाठ

नमस्कार मंडळी. दाभोळ खाडीतल्या एका जेटीवरच्या पाण्याच्या पातळीच्या नोंदी एका टेबलात आणायच्या आहेत. डेटा तीन ठिकाणचा आहे.

१) सध्याचा : जेटीखाली प्रेशर सेन्सर, अर्डुइनो उनो, डीएस३२३१ घड्याळ, एसडी कार्ड. सेकंदाला १० रीडिंग.
२) बोटीवरचा जुना जीपीएस लॉगर, सोबत इको साउंडर. एनएमईए (बोटीवरच्या उपकरणांचा ठरलेला मजकुरी फॉरमॅट) ओळींची टेक्स्ट फाइल.
३) २००३-०४ च्या नोंदी, सीएसव्ही. तारीख अशी : १०/०१/२००४ १९:०७:०४.१००. भारतीय वेळ. सेकंदाला १० ओळी.

सगळ्याचे युनिक्स मिलिसेकंद (१ जानेवारी १९७० पासून मोजलेले) करून पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये टाकतो. पायथनमध्ये साधा प्रकार : स्ट्रपटाइमने तारीख वाचली, डॉट टाइमस्टॅम्प घेतला, १००० ने गुणलं, इंट केलं. अडचणी :

अ) उनोच्या फाइलमध्ये दोन-दोन मिनिटं एकच टाइमस्टॅम्प येतो, मग एकदम उडी.
आ) लॅपटॉपवर भरती बरोबर दिसते. तोच कोड सर्व्हरवर चालवला की भरतीच्या वेळेला ओहोटी.
इ) जुन्या फाइलच्या दोन टेबलांचा टाइमस्टॅम्पवर जॉइन (ओळींची जोडणी) लावला की २००३ च्या सगळ्या ओळी जुळतात, २००४ च्या दहातल्या दोन गळतात. एका टेबलाचा टाइमस्टॅम्प मूळ सॉफ्टवेअरने दिलेला आहे, दुसऱ्याचा मी काढलेला.

इ चं काही केल्या कळत नाही. आजची तारीख घालून टेस्ट लिहिली, लाखभर व्हॅल्यू टाकल्या, सगळ्या पास.

उधाणभांग

आ चं उत्तर लगेच देतो, ते सोपं आहे. तुमच्या तारखेला टाइमझोन चिकटवलेलाच नाही. अशा उघड्या तारखेवर टाइमस्टॅम्प मागितला की पायथन मशीनचा झोन धरतो. लॅपटॉप भारतीय वेळेवर, सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर). फरक ५ तास ३० मिनिटं, म्हणजे १९८०० सेकंद.

आपल्याकडे भरती ते भरती साधारण १२ तास २५ मिनिटं, म्हणजे भरती ते ओहोटी सव्वासहाच्या आतबाहेर. त्यामुळे साडेपाच तासांची चूक झाली की आलेख जवळपास उलटा होतो. हे एका अर्थी बरंच आहे, चूक डोळ्यांना दिसते. तापमानाच्या नोंदीत ती महिनोन्‌महिने लपून बसली असती.

पडताळायला संगणकही नको. तिथीची पाऊणपट करा, भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती आणि बाराच्या सुमाराला ओहोटी. खाडीत आत गेलात तर थोडा उशीर धरायचा. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक चालेल, साडेपाच तासांचा चालणार नाही.

दुरुस्ती : वाचल्या वाचल्या झोन लावा. झोनइन्फोमधला 'एशिया/कोलकाता' वापरा, पायथन ३.९ पासून तो सोबतच येतो. जुनी पायटीझेड लायब्ररी असेल तर डेटटाइमच्या टीझेडइन्फोत ती थेट घालू नका. तिथे झोनची सर्वांत जुनी नोंद उचलली जाते, कोलकात्याची १८५४ पूर्वीची स्थानिक वेळ, +५:५३. मग सगळं २३ मिनिटांनी सरकतं. साडेपाच तास सरकले तर कळतं, २३ मिनिटं सरकली तर भरतीच्या आलेखातही कोणाच्या लक्षात येत नाही. पायटीझेडच ठेवायची असेल तर लोकलाइझ वापरायचं.

आणि यूटीसीनाऊ डॉट टाइमस्टॅम्प असं कुठे लिहिलं असेल तर आधी ते काढा. यूटीसीनाऊ उघडी तारीख देतो, टाइमस्टॅम्प तिला स्थानिक समजतो, परत १९८०० सेकंद गेले. पायथन ३.१२ मध्ये त्याला निवृत्तीची नोटीस मिळालेली आहे.

बायनरी_बांगडा

अ : उनोवर डबल म्हणजे फ्लोटच (दोन्ही दशांश आकडे साठवायचे प्रकार), दोन्ही ४ बाइटचे. त्यात २४ बिट अचूकता. आजचे युनिक्स सेकंद १७० कोटींच्या वर आहेत, म्हणजे २ चा ३० वा घात आणि ३१ वा घात यांच्या मध्ये. तिथे दोन शेजारच्या फ्लोटमधलं अंतर १२८ सेकंद. तुमची 'दोन मिनिटं' म्हणजे २ मिनिटं ८ सेकंद, मोजून बघा. कोडमध्ये कुठे तरी सेकंद अधिक मिलिस (बोर्डाचा मिलिसेकंद मोजणारा आकडा) भागिले १०००.० असं असणार.

उनोवर वेळेला फ्लोट लावूच नका. सेकंद ३२ बिट अनसाइन्ड, मिलिसेकंद १६ बिट अनसाइन्ड, दोन वेगळे पूर्णांक. कार्डवर लिहिताना मधे टिंब द्या, पण मिलिसेकंद तीन अंकी, डावीकडे शून्य भरून. नाहीतर ७ मिलिसेकंदांचे '.७' लिहिले जातात आणि वाचणारा ते ७०० समजतो. ही चूक फ्लोटच्या चुकीपेक्षा जास्त वेळा दिसते.

आणखी एक. एव्हीआरच्या (उनोच्या चिपच्या) टाइम लायब्ररीचा शून्य क्षण १ जानेवारी २००० आहे, १९७० नव्हे. ती वापरत असाल तर ९४६६८४८०० मिळवावे लागतात.

इ वर येतो, पण मला एक सांगा : २००४ च्या गळणाऱ्या ओळींचे मिलिसेकंद कुठले? सगळे की ठरावीक?

खाडीकाठ

बघितलं. ठरावीकच. .१०० आणि .६००. माझ्याकडे त्यांचे ०९९ आणि ५९९ झालेत. बाकी आठ बरोबर. आणि चूक सुरू होते ती १० जानेवारी २००४ ला संध्याकाळी. त्याच दिवशी सकाळच्या ओळी नीट आहेत. त्या दिवशी मशीनचं काही बिघडलं होतं का, अशी शंका आली.

बायनरी_बांगडा

मशीनचं काही नाही. १० जानेवारी २००४, संध्याकाळी ७ वाजून ७ मिनिटं ४ सेकंद भारतीय वेळ. त्या क्षणी युनिक्स सेकंद १०७३७४१८२४ झाले, म्हणजे बरोबर २ चा ३० वा घात. तुमचा कोड तिथून पुढे चुकतो आणि ४ नोव्हेंबर २००४ ला पहाटे १:२३:४७ नंतर पुन्हा बरोबर यायला लागतो. आजची तारीख घालून केलेली टेस्ट म्हणूनच पास झाली.

आकडे मांडून दाखवतो. पायथनच्या ६४ बिट डबलमध्ये ५३ बिट अचूकता. २ चा ३० वा घात ओलांडला की सेकंदांच्या डबलमधली एक पायरी (शेजारच्या दोन आकड्यांतलं अंतर) ४१९४३०४ वा भाग असते, म्हणजे सुमारे २३८ नॅनोसेकंद. .१ सेकंद म्हणजे ४१९४३०.४ पायऱ्या. पूर्णच पायऱ्या ठेवता येतात, म्हणून ४१९४३० राहिल्या. साठवलेली किंमत .१ नाही, .०९९९९९९०४६. इथपर्यंतची चूक किरकोळ आहे.

आता १००० ने गुणा. खरं उत्तर ...०९९.९९९९०४६. ही संख्या १.०७ लाख कोटींच्या घरात, २ च्या ४० व्या घाताच्या अलीकडे. तिथली पायरी ८१९२ वा भाग, म्हणजे .०००१२२. शेजारी दोनच जागा : १००.००० आणि ०९९.९९९८८. आपली संख्या १०० पासून .००००९५ लांब, अर्ध्या पायरीपेक्षा जास्त. म्हणून ती खालच्या जागेवर बसते. मग इंट येतो आणि दशांश छाटतो. ०९९.

.६ चीही तीच गत, २५१६५८२.४ पायऱ्यांतला .४ गेला. .३ आणि .८ मध्येही खालीच जातं, पण .२ च पायरी, म्हणून गुणाकारात परत पूर्णांकावर येऊन बसतं. .२, .४, .७, .९ वरच्या बाजूला चुकतात, तिथे छाटणं आपल्या फायद्याचं. .५ मुळातच अचूक.

नोव्हेंबरनंतर का सुधारतं? मिलिसेकंदांचा आकडा २ चा ४० वा घात ओलांडतो, तिथली पायरी दुप्पट होते, आणि सेकंदांतली चूक कायम अर्ध्या पायरीच्या आत राहते. गुणाकारच गुपचूप राऊंड करून देतो. १००० आणि १०२४ मधल्या फरकाचा हा सगळा खेळ आहे. घात ओलांडल्यावर मिलिसेकंदांचा आकडा पुढच्या घातापर्यंत पोचायला थोडा मागे राहतो, त्या मधल्या पट्ट्यात चूक. असा पुढचा पट्टा १९ जानेवारी २०३८ ते ७ सप्टेंबर २०३९. म्हणजे आज पास होणारा कोड २०३८ मध्ये परत गळणार, आणि लोक ३२ बिटला शिव्या घालत बसतील.

मायक्रोसेकंदांना १० लाखांनी गुणत असाल तर पट्टा मोठा : १० जानेवारी २००४ ते ५ सप्टेंबर २००५.

काजूगर

हे झकास. पण प्रश्न विचारतो, राग नसावा : भरती-ओहोटीला एका मिलिसेकंदाने काय फरक पडतो? पाणी मिनिटाला एखाद-दोन सेंटीमीटर चढणार.

खाडीकाठ

भरतीला काहीच नाही. पण सेकंदाला दहा रीडिंग लाटांसाठी आहेत. आणि जॉइन बरोबर-चिन्हावर आहे, त्याला एक मिलिसेकंद आणि एक वर्ष सारखंच. दहातल्या दोन ओळी गेल्या.

बायनरी_बांगडा

त्यातही त्या यादृच्छिक गेलेल्या नाहीत, दर अर्ध्या सेकंदाला एक गेली. लाटांचं स्पेक्ट्रम काढलंत तर २ हर्ट्‌झला खोटं शिखर दिसायची शक्यता, आणि मग कोणी तरी त्याला जेटीच्या खांबांचं कंपन म्हणणार.

दुरुस्ती. फ्लोट मधे येऊच द्यायचा नाही :

युगारंभ = डेटटाइम(१९७०, १, १, टीझेडइन्फो=यूटीसी)
एमएस = (तारीख − युगारंभ) // टाइमडेल्टा(मिलिसेकंड्स=१)

टाइमडेल्टाच्या पोटात दिवस, सेकंद, मायक्रोसेकंद असे तीन पूर्णांक असतात. दोन तिरप्या रेघांचा भागाकार पूर्णांकातच होतो. तारखेला झोन लावलेला हवा, नाहीतर वजाबाकीच एरर देईल. देऊ दे, तीच आपली राखण.

उलट येताना युगारंभ + टाइमडेल्टा(मिलिसेकंड्स=एमएस). एमएस भागिले १००० करून फ्रॉमटाइमस्टॅम्पला देऊ नका.

सोलकढी

इंटच्या जागी राऊंड लिहिलं तर एका शब्दात काम होतं. एवढा खटाटोप कशाला?

बायनरी_बांगडा

मिलिसेकंदांपुरतं होतं, मान्य. पण तीन ठिकाणी अडतं. एक, कोणी सेकंद आणि अपूर्णांक वेगळे केले की आजच्या तारखेलाही चुकतं. १७०००००००० म्हणजे १५ नोव्हेंबर २०२३, पहाटे ३:४३:२०. त्यात .००१ मिळवा आणि परत १७०००००००० वजा करा. हातात .०००९९९९२७५२ येतं. १००० ने गुणून छाटलं की शून्य. इथे गुणाकार वाचवायला येत नाही, कारण मोठा आकडा आधीच काढून टाकलाय.

दोन, नॅनोसेकंद. आजच्या सेकंदांच्या डबलची पायरीच २३८ नॅनोसेकंद आहे, राऊंड करून नसलेले अंक येणार कुठून? तिथे टाइम_एनएस घ्यावा, पायथन ३.७ पासून आहे, पूर्णांक देतो. डेटटाइम स्वतः मायक्रोसेकंदांच्या खाली जात नाही हेही लक्षात असू द्या. नॅनोसेकंदांची तारीख स्ट्रपटाइमला दिली तर तो सहाच अंक घेतो आणि उरलेल्यांवर एरर देतो.

तीन, १९७० पूर्वीच्या तारखा. ऋण आकड्यांत छाटणं शून्याकडे जातं आणि मजला-भागाकार खाली जातो. सी, जावा, गो मधला साधा भागाकार शून्याकडे छाटतो. उणे ५०० मिलिसेकंदांचे सेकंद काढले तर शून्य, मजला-भागाकाराने उणे १ आणि वर ५००. दोन भाषांमधून एकच डेटा गेला की एका सेकंदाचा वाद. जावात फ्लोअरडिव्ह आणि फ्लोअरमॉड त्यासाठीच आहेत.

सोलकढी

पटलं. मग डेटाबेसचं मी सांगते, तिथेही गळती आहेच.

पोस्टग्रेसचा टाइमस्टॅम्पटीझेड आत मायक्रोसेकंदांचा ६४ बिट पूर्णांक ठेवतो. नाव 'टीझेड' असलं तरी झोन साठवत नाही, यूटीसीत बदलून ठेवतो. तोवर ठीक. पण त्यातून एक्स्ट्रॅक्ट इपॉक (युनिक्स सेकंद) काढलात तर आवृत्ती १४ पासून न्यूमेरिक (अचूक दशांश) मिळतं, १३ पर्यंत डबल. जुना सर्व्हर असेल तर वरचं सगळं रामायण तिथे परत.

मायएसक्यूएल वाल्यांनी नुसतं डेटटाइम लिहिलं की अपूर्णांक शून्य अंकी. तो छाटला जात नाही, राऊंड होतो. ३१ तारखेला रात्री २३:५९:५९.६ ला आलेली नोंद पुढच्या महिन्यात जाऊन बसते. डेटटाइम(३) किंवा (६) असं लिहायचं. आणि तिथला टाइमस्टॅम्प प्रकार १९ जानेवारी २०३८, ०३:१४:०७ यूटीसी ला संपतो, आपल्याकडे सकाळी ८:४४:०७.

एसक्यूएल सर्व्हरच्या जुन्या डेटटाइममध्ये सेकंदाचे ३०० भाग. शेवटचा अंक ०, ३ किंवा ७ च येतो. १०० राहील, पण १०१ चे १०० होतील. डेटटाइम२ घ्या, १०० नॅनोसेकंदांपर्यंत जातं.

आणि कॉलमच्या नावात युनिट लिहा हो. 'वेळ' नको, 'वेळ_एमएस'. अंक मोजूनही ओळखता येतं : २००१ च्या सप्टेंबरपासून २२८६ पर्यंत सेकंद १० अंकी, मिलि १३, मायक्रो १६, नॅनो १९. पण तुमच्यासारख्या मिश्र फाइलमध्ये नावच बरं.

काजूगर

सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडून 'जरा बघतो' म्हणणाऱ्यांसाठी : एक्सेल १५ अंक धरतं. १३ अंकी मिलिसेकंद सुखरूप. १६ अंकी मायक्रोसेकंदांचा शेवटचा अंक शून्य. १९ अंकी नॅनोसेकंदांचे शेवटचे चार शून्य. आणि सेव्ह दाबलं की मूळ फाइलही गेली. तो कॉलम टेक्स्ट म्हणून आयात करायचा.

एक्सेलच्या तारखेतून युनिक्स सेकंद : तारखेच्या आकड्यातून २५५६९ वजा, ८६४०० ने गुणायचं, भारतीय वेळ असेल तर १९८०० वजा. शेवटी राऊंड, छाटायचं नाही.

ब्राउझरमध्ये दाखवणार असाल तर जावास्क्रिप्टची दोन दुखणी. पहिलं, '२०२३-११-१५' एवढीच तारीख दिली की ती यूटीसी धरते, वेळेसकट दिली की स्थानिक. पहिलीने आपल्याकडे सकाळचे साडेपाच दिसतात, दुसरीने मध्यरात्र. दुसरं, जेसनमधून आलेला १९ अंकी पूर्णांक. १७००००००००१२३४५६७८९ पाठवला तर पलीकडे १७००००००००१२३४५६८०० छापला जातो. त्या आकाराला डबलची पायरी २५६ आहे. एरर नाही, इशारा नाही. नॅनोसेकंद जेसनमध्ये स्ट्रिंग म्हणून पाठवा, घेताना बिगइंट करा.

खाडीकाठ

उनोचा कोड बदलला, दोन पूर्णांक. पण डीएस३२३१ सेकंदाखाली काही देत नाही. मिलिसेकंद मी मिलिस भागिले १००० ची बाकी घेऊन लिहितोय. हे बरोबर आहे का?

बायनरी_बांगडा

नाही. मिलिस बोर्ड सुरू झाल्यापासून मोजतो, त्याचा शून्य आणि घड्याळाच्या सेकंदाचा शून्य एकत्र येण्याचं काही कारण नाही. १२:००:०५.९८० नंतर १२:००:०५.०८० अशा मागे जाणाऱ्या ओळी सापडतील.

डीएस३२३१ ची एसक्यूडब्ल्यू पिन १ हर्ट्‌झवर लावा आणि उनोच्या पिन २ ला जोडा. पिन ओपन ड्रेन आहे, पुल-अप लागतो, आतला चालतो. सेकंद बदलतो तो उतरत्या कडेला. त्या इंटरप्टमध्ये एवढंच : सेकंद एकाने वाढवा, मिलिस टिपून ठेवा. रीडिंगचे मिलिसेकंद म्हणजे आताचा मिलिस वजा टिपलेला. दोन्ही अनसाइन्ड लाँग असले की ४९.७ दिवसांनी मिलिस शून्यावर आला तरी वजाबाकी बरोबर येते. दोन्ही व्हॅल्यू वाचताना क्षणभर इंटरप्ट बंद करा, नाहीतर ४ बाइटपैकी २ जुने, २ नवे असं होतं.

उनोचा स्वतःचा ठोका सिरॅमिक रेझोनेटरचा, त्यात अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक असू शकतो, म्हणजे सेकंदात ५ मिलिसेकंद. तेव्हा ९९९ च्या पुढे आकडा गेला तर ९९९ वरच थांबवा. डीएस३२३१ चं घड्याळ चांगलं, २ पीपीएम (दहा लाखांत दोन), वर्षाला मिनिटभर.

घड्याळ यूटीसीवर लावा. बरेच जण कंपाइल झाल्याची वेळ घड्याळात भरतात, ती लॅपटॉपची स्थानिक वेळ. आ पुन्हा मागच्या दाराने आत.

नाखवा_२०३८

जीपीएस फाइलबद्दल कोणी बोललंच नाही म्हणून.

एनएमईएच्या आरएमसी ओळीत वेळ आणि तारीख दोन्ही असतात, जीजीए ओळीत नुसती वेळ. दोन्ही यूटीसी. जीजीएच्या वेळेला लॅपटॉपची किंवा फाइलच्या नावातली तारीख चिकटवू नका. यूटीसीची तारीख आपल्याकडे पहाटे साडेपाचला बदलते, आणि त्या वेळी निम्म्या बोटी समुद्रात असतात. पहाटेच्या नोंदी २४ तास पुढे-मागे होतात. प्रत्येक जीजीएला तिच्या आधीच्या आरएमसीची तारीख द्या, आणि वेळ एकदम २३ तासांनी मागे गेली तर दिवस एकाने वाढवा.

लीप सेकंद, म्हणजे यूटीसीत मधूनच घातलेला जादा सेकंद. १९७२ पासून २७ टाकले, शेवटचा भारतीय वेळेने १ जानेवारी २०१७ ला, ०५:२९:६०. युनिक्स वेळ त्याला मोजतच नाही. डेटटाइमला ६० सेकंद दिले की एरर. तुमच्या डेटात तो क्षण येत नाही, पण जीपीएसची स्वतःची वेळ यूटीसीच्या १८ सेकंद पुढे आहे हे मात्र लागेल. आरएमसीत रिसीव्हर ते वजा करून देतो. बायनरी फाइलमधून आठवडा आणि सेकंद घेत असाल तर तुम्हाला करावं लागेल : ३१५९६४८०० + आठवडा गुणिले ६०४८०० + सेकंद − १८. जुना रिसीव्हर नुकताच सुरू झाला असेल तर पहिली काही मिनिटं तो जुनीच वजाबाकी वापरतो, नवा आकडा उपग्रहाकडून यायला साडेबारा मिनिटं लागू शकतात. सुरुवातीच्या तेवढ्या ओळी वेगळ्या ठेवा.

उधाणभांग

एक पुरवणी, विषयाला धरूनच. याच टेबलात बोटमालकांची जन्मतारीख वगैरे ठेवणार असाल तर तिचा टाइमस्टॅम्प करू नका. जन्मतारीख हा क्षण नव्हे, डेट प्रकारच ठेवा. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ भारतात घड्याळं तासभर पुढे होती, +६:३०. 'एशिया/कोलकाता' ते पाळतो. १९४३ ची मध्यरात्र त्याने साठवली आणि वाचताना कोणी सरळ १९८०० मिळवले, तर आदल्या दिवशीचे रात्रीचे ११ दिसतात. म्हातारबुवांचा वाढदिवस एक दिवस अलीकडे.

खाडीकाठ

नवीन पद्धतीने २००३-०४ पूर्ण परत चालवलं. सलग ओळींमधलं अंतर सगळीकडे १००, कुठेही ९९ किंवा १०१ नाही. जॉइनमध्ये एकही ओळ गळली नाही. सर्व्हर आणि लॅपटॉपची फाइल बाइटला बाइट सारखी.

मात्र एक विचित्र गोष्ट. बोटीच्या फाइलमध्ये ३१ मार्च २००४ च्या नोंदी आहेत. हा लॉगर तेव्हा बोटीवर नव्हताच. कोडची चूक म्हणावी तर आरएमसी ओळीतच ३१०३०४ लिहिलंय.

नाखवा_२०३८

जुना रिसीव्हर आहे ना? जीपीएस आठवडा १० बिटमध्ये पाठवतं, १०२४ आठवड्यांनी आकडा परत शून्य होतो. शेवटचा फेरा ६ एप्रिल २०१९ च्या रात्री यूटीसीने पूर्ण झाला. जुनं फर्मवेअर त्यानंतर, किंवा त्याच्या आत ठरवून दिलेल्या आठवड्यानंतर, १०२४ आठवडे मागची तारीख दाखवतं. ७१६८ दिवस. ३१ मार्च २००४ मध्ये ते मिळवा, १५ नोव्हेंबर २०२३ येतो.

सरसकट मिळवू नका. आधी खात्री करा की ती नोंद त्या दिवसाचीच आहे. बोट जेटीला बांधलेली असताना इको साउंडरची खोली बघा, भरती किती वाजता दिसते?

खाडीकाठ

डीबीटी (खोलीच्या) ओळी काढल्या. खोली सर्वांत जास्त दुपारी पावणेदोनच्या सुमाराला.

उधाणभांग

३१ मार्च २००४ ला शुद्ध दशमीच्या आसपासची तिथी, पाऊणपट साडेसात. १५ नोव्हेंबर २०२३ ला कार्तिक शुद्ध द्वितीया, पाऊणपट दीड. तुमच्या पाण्याने द्वितीया सांगितली.

खाडीकाठ

मग ठरलं. त्या फाइलच्या प्रत्येक ओळीत ६१९३१५२०० सेकंद मिळवले, मिलिसेकंदांना हात लावला नाही, मूळ तारीख वेगळ्या कॉलमात ठेवली. आधी बुधवार होता, अजूनही बुधवारच आहे.